लियांगचौ : एका चिनी प्रांताचा कारभार आणि धम्माची वाट



विहाराच्या वर्धापनदिनी चीनच्या कारभाराची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण धम्म चीनमध्ये ज्या वाटांनी गेला, त्यातली मोठी वाट लियांगचौ प्रांतातून जात होती.

हा मुलूख आजच्या गान्सू प्रांतात येतो. इ.स.पू. 121 मध्ये हान सम्राटाच्या फौजेने हा वाळवंटाकाठचा पट्टा श्योंग्नू टोळ्यांकडून जिंकला. पुढे तिथे वूवेई, झांगये, ज्युछ्वान आणि दुनहुआंग असे चार जिल्हे झाले.

इ.स.पू. 106 मध्ये सम्राट वू याने देखरेखीसाठी 13 विभाग पाडले. लियांगचौ त्यातला एक. प्रत्येक विभागावर एक तपासनीस नेमला. आता गंमत बघा. अधिकाऱ्यांचा दर्जा धान्याच्या मापात मोजत. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याचा दर्जा 2000 मापांचा, आणि त्याला तपासणाऱ्याचा फक्त 600 मापांचा! तपासनिसाकडे फौज नाही, वसुली नाही. त्याने फिरायचे, पाहायचे, राजधानीला कळवायचे. त्याला सहा कलमे ठरवून दिली होती. पहिलेच कलम असे, की बड्या घराण्यांनी मर्यादेबाहेर जमीन लाटली काय आणि दुबळ्यांवर जुलूम केला काय, ते बघणे.

ही व्यवस्था हळूहळू बिघडली. तपासनीस एकाच जागी बसून हुकूम सोडू लागले. 184 मध्ये बंडे झाली, लियांगचौही पेटले. 188 मध्ये दरबाराने काही विभागांवर सुभेदार नेमून फौज आणि वसुली त्यांच्याच हाती दिली. 189 मध्ये लियांगचौचाच सेनापती दोंग झुओ फौज घेऊन राजधानीत घुसला. 220 मध्ये हान घराणे संपले. चौकीदारच मालक झाला, की घर राहत नाही.

याच प्रांतात कुमारजीव अडकून पडले होते. वडील भारतातले, आई कुचाची राजकन्या. 384 मध्ये सेनापती ल्यू ग्वांगने कुचा जिंकले आणि लुटीच्या मालासारखे त्यांना सोबत आणले. लियांगचौत त्यांची सुमारे 17 वर्षे गेली. 401 मध्ये ते चांगआनला पोचले आणि तिथे त्यांनी केलेले सूत्रांचे अनुवाद चीनमध्ये आजही वाचले जातात.

पुढे तांग काळात, 629 च्या सुमारास, भिक्खू ह्युएन त्संग भारताकडे निघाले. सरहद्द ओलांडायला बंदी होती. लियांगचौच्या अधिकाऱ्याने त्यांना परत फिरायला सांगितले. तिथल्या एका भिक्खूने दोन शिष्य सोबत देऊन त्यांना गुपचूप पुढे काढले. ग्वाचौ गावी पकडण्याचा हुकूम पोचला, तेव्हा ली चांग नावाच्या अधिकाऱ्याने तो त्यांच्यासमोर फाडून टाकला. तेच ह्युएन त्संग 641 च्या सुमारास पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात आले. इथल्या माणसांबद्दल त्यांनी लिहून ठेवले. तो कागद फाडला नसता, तर?

आज काय आहे? पूर्वी वूवेई हा लियांगचौमधला एक जिल्हा होता. आता लियांगचौ हाच वूवेई शहराचा एक भाग आहे! हद्दी आणि हुद्दे असे उलटेपालटे होतात.

यातून आम्ही घेतो ते एवढेच. बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिले, त्यात सत्तेवर नजर ठेवणारे वेगळे ठेवले. तोच नियम आपल्या विहारालाही लागू करा. ज्याच्या कमरेला दानपेटीची किल्ली, त्याने हिशेब तपासायचा नाही. तपासणारा दुसरा हवा. तो गरीब असला तरी चालेल, पण त्याला विचारायचा हक्क पाहिजे. वर्षातून एकदा हिशेब सर्वांसमोर, बायाबापड्यांसमोर, मोठ्याने वाचून दाखवा. विहार टिकेल तो त्याच्यावर.

जय भीम! नमो बुद्धाय!