शेड भाड्याने देण्याआधी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. लावणीमुळे ज्यांना येता आलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून इथे देत आहोत.)



मागच्या बैठकीत आपल्या एका ताईंनी प्रश्न विचारला होता. रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड रिकामी आहे, बोअरला पाणी आहे. एक माणूस आला आणि म्हणाला, जीन्स धुवायच्या दोन मशिनी टाकतो, भाडं चांगलं देतो, गावातल्या बायकांना धागे कापायचं कामही देतो. ताई म्हणाल्या, "देऊ का?" मी तेव्हा गप्प बसले. जीन्स कशी धुतात हेच मला माहीत नव्हतं. एमएसडब्ल्यूला हे शिकवत नाहीत. मग महिनाभर विचारत फिरले. एका जुन्या वॉशिंग मास्तरांनी चहा पाजून दोन तास समजावलं. ते आज सांगते.

आधी हा माणूस आपल्या गावात का आला ते बघू. उल्हासनगरचा कॅम्प पाच म्हणजे जीन्सचं गाव. कापायचं, शिवायचं, धुवायचं, सगळं तिथेच. धुलाईचं निळं पाणी नाल्यातून वालधुनीत जायचं. ही तीच नदी, जी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते. मंदिर १०६० सालचं. तेव्हा तिथलं पाणी ओंजळीने पीत असतील, आज नाकाला पदर लावावा लागतो. दोष एकट्या जीन्सचा नाही. रासायनिक कारखाने आहेत, शहराचं सांडपाणी आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरने वालधुनीत रसायन ओतलं आणि वायूने उल्हासनगरात शेकडो लोक दवाखान्यात गेले, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ च्या सुमारास शेकडो धुलाई कारखान्यांना टाळी लागली. काम करणाऱ्यांचे हाल झाले, घरी बसून धागे कापणाऱ्या बायकांचंही काम गेलं. पण जीन्स घालणारे काही कमी झाले नाहीत. म्हणून धुलाईला जागा शोधत माणसं आडबाजूला येतात.

आता मला पडलेला पहिला प्रश्न. नवी कोरी पँट धुवायचीच कशाला?

विणताना सूत तुटू नये म्हणून उभ्या धाग्याला खळ लावतात. शिवल्यावर ती खळ काढावी लागते, नाहीतर पँट पुठ्ठ्यासारखी राहते. ही खळ पाण्यात गेली की जिवाणू ती खातात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे मरतात ते बरेचदा यामुळे. विषच लागतं असं नाही, भाताच्या पेजेसारखी साधी खळसुद्धा पुरते.

दुसरं म्हणजे फिका रंग. जीन्सचा निळा धागा लाल मुळ्यासारखा असतो, वरून रंगीत, आत पांढरा. वरचा थर घासला की आतला पांढरा दिसतो, त्यालाच फॅशन म्हणतात. घासायला टाकतात प्युमिस दगड, टाच घासायला वापरतात तसला खरखरीत. त्याचा चुरा होतो, गाळ बनतो, गटार तुंबतं. मांडीवर पांढरा पट्टा हवा तर पोटॅशियम परमँगनेट फवारतात. विहिरीत टाकतात तेच ते जांभळं औषध, पण इथे कितीतरी कडक. फवारणाऱ्या पोराच्या तोंडावर बहुतेक फक्त रुमाल असतो. पूर्वी काही देशांत वाळूचा मारा करून रंग काढायचे. त्या धुळीने कामगारांची फुप्फुसं गेली, तेव्हा तुर्कस्तानने २००९ मध्ये ते बंद केलं.

मास्तर म्हणाले, "पाणी किती घाण होणार ते नाल्यावर नाही ठरत. ऑर्डर लिहिताना ठरतं." मला हे फार पटलं. पँट किती फिकी हवी हे दुकानवाल्याने सांगितलं की पाणी, दगड, रसायन सगळं तिथेच ठरून जातं. नंतर नाल्यावर जाळी लावून किती फरक पडणार?

आणि दुसरे मार्ग आहेत. दगडाऐवजी एन्झाइम, म्हणजे सुताचे वरचे बारीक तंतू खाणारं विरजणासारखं द्रव्य. थोडंसं लागतं, कोमट पाण्यात काम करतं, गाळ जवळजवळ होत नाही. मोठे कारखाने लेझरने रेघा पाडतात, बंद यंत्रात ओझोन सोडून रंग उतरवतात. लेव्हीज कंपनीने २०११ मध्ये कमी पाण्याची धुलाई सुरू केली. त्यात मोठा भाग साधाच होता, दोन-तीन वेळा वेगवेगळं भरायचं पाणी एकदाच भरायचं. हिशोब करून बघा. शंभर किलो कपडे, किलोला दहा लिटर, म्हणजे एका भरणीला हजार लिटर. आठ वेळा भरलं तर आठ हजार, पाच वेळा भरलं तर पाच हजार. तीन हजार लिटर पाणी आणि तेवढंच सांडपाणी वाचलं. शेवटच्या खळबळीचं स्वच्छ पाणी पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, हेही त्यातलंच. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघताना भांड्यांचं आपण काय करतो? इंजिनीअर याला मोठं नाव देतात, एवढंच.

आता ताईंच्या शेडकडे येऊ. कापड रंगवणं, ब्लीच करणं, असं सांडपाणी सोडणारं काम प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात येतं. त्या माणसाकडे मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची, अशी दोन्ही संमतीपत्रं हवीत. मंडळाचं कार्यालय कल्याणला आहे, कागद दाखवला तर तिथे खरा-खोटा विचारता येतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला वेगळा, त्याने संमतीचं काम होत नाही. मग विचारायचं, रोज बोअरचं किती पाणी उपसणार? शेजारच्या विहिरीचं मार्चमध्ये काय होईल? सांडपाण्याची टाकी कुठे? तुरटीने निळा गाळ खाली बसतो, पण खळ निघायला हवा सोडून जिवाणू पोसावे लागतात, आणि विरघळलेलं मीठ दोन्हीने निघत नाही. "फिल्टर लावतो" एवढं उत्तर आलं तर समजून जा. आणि गाळ कुठे टाकणार? असा रासायनिक गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रासारख्या ठिकाणी पाठवावा लागतो, त्याची पावती असते. शेताच्या बांधावर टाकलेल्या गाळाची पावती नसते.

त्याने भाडं किती सांगितलं ते ताईंनी मला सांगितलंय. कमी नाही ते. मुलीची फी त्यात निघेल. म्हणून "नकोच" असं मी इथे उभं राहून म्हणणार नाही, माझ्या घरी शेड रिकामी पडलेली नाही. पण शेड ताईंच्या नावावर, बोअर ताईंच्या नावावर. मशिनी एका रात्रीत टेम्पोत चढतात. बोअरमध्ये उतरलेलं पाणी चढत नाही.

धागे कापण्याचं काम मात्र धुलाईशिवायही मिळतं. त्याला पाणी लागत नाही, संमती लागत नाही. शिलाईवाल्यांकडून थेट काम आणता येईल का, नगाचा दर एकेकटीने न ठरवता ग्रामसंघाने ठरवता येईल का, हे बघायला दोघी माझ्याबरोबर कॅम्प पाचला चला. मंगळवारी सकाळची बदलापूर लोकल.

तो माणूस रविवारी पुन्हा येणार आहे. ताईंनी त्याला एकटीने भेटायचं नाही असं ठरलंय. अध्यक्ष मावशी, लिपिका आणि मी, आम्ही तिघी बसू. कागद बघायला चष्मा आणा, मावशी, मागच्या वेळी विसरला होतात.