शिशाचे सैनिक



लंडन शहरातील चेल्सी भागात ‘नॅशनल आर्मी म्युझियम’ या नावाचे लष्करी संग्रहालय आहे. तेथील संग्रहात वॉटर्लूच्या रणभूमीची एक भली विस्तीर्ण प्रतिकृती आहे. १८ जून १८१५ या दिवशी, सायंकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनची इम्पीरियल गार्ड ही शेवटची राखीव फौज चाल करून गेली. त्या घटकेला रणांगण जसे दिसले असेल तसे ते येथे मांडलेले आहे. टेकाडे आहेत, वाटा आहेत, पिकांची शेते आहेत, आणि त्यांवर कथील व शिसे यांच्या मिश्रणातून ओतलेले सत्तर हजारांहून अधिक सैनिक उभे आहेत. एकेकाची उंची जेमतेम एक सेंटिमीटर. ऐतिहासिक लढाया छोट्या पुतळ्यांनी मेजावर खेळण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांच्या दृष्टीने हे स्थान म्हणजे तीर्थक्षेत्रच म्हणावयास हवे.

ही प्रतिकृती घडविणारा विल्यम सायबॉर्न हा ब्रिटिश सैन्यातील एक साधा लेफ्टनंट होता. १८३० साली त्याच्यावर हे काम सोपविण्यात आले. रणभूमीवरील ‘ला ए सांत’ या शेतवाड्यात आठ महिने मुक्काम ठोकून त्याने सारी जमीन मोजून काढली. मग लढाईत असलेल्या आणि तोवर हयात असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने एक परिपत्रक धाडले : सायंकाळी सातच्या सुमारास आपली पलटण नेमकी कोठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कोणता होता, आणि पायांखालच्या शेतात पीक कोणते होते? ज्याचा दिवस परिपत्रके काढण्यात आणि त्यांच्या उत्तरांची वाट पाहण्यात जातो, अशा माझ्यासारख्याला त्या शेवटच्या प्रश्नाचे फार कौतुक वाटते. पिकाचा प्रश्न वरवर पाहता पाल्हाळ वाटेल. परंतु पुरुषभर उंचीच्या राईत उभ्या असलेल्या शिपायाला समोरचे काय दिसले आणि काय दिसले नाही, हे त्यावरच अवलंबून असते. त्याला उत्तरे शेकड्यांनी आली. त्यांतील निवडक पत्रे पुढे १८९१ साली त्याच्या मुलाने प्रसिद्ध केली.

काम अर्ध्यावर असताना, १८३३ साली, सरकारने पैशाचा हात आखडता घेतला. सायबॉर्नने ते पदरमोड करून आणि कर्ज काढून पुरे केले. १८३८ साली लंडनमध्ये प्रदर्शन भरले, लोकांची रीघ लागली. त्याचे आर्थिक ओझे मात्र उतरले नाही. शिवाय एक वाद उभा राहिला तो वेगळाच. मेजावर प्रशियन सैन्य फार पुढे आणि फार मोठ्या संख्येने दाखविले आहे, त्यामुळे विजयाचे श्रेय त्यांच्याकडे जाते, असा आक्षेप वेलिंग्टनच्या बाजूने आला. आणि अखेरीस सायबॉर्नने प्रशियन सैनिकांच्या कित्येक आकृत्या काढून टाकल्या. इतिहासाच्या ग्रंथात एखादे वाक्य मऊ करता येते, दोन अर्थांचे लिहिता येते. मेजावर तशी सोय नाही. सात वाजता प्रशियन त्या उतारावर होते किंवा नव्हते, याला तिसरे उत्तर नाही.

पुतळ्यांच्या युद्धखेळाचे खरे मोल मला येथेच दिसते. संग्रहालय पाहणारा सामान्य माणूस गणवेश, तलवारी, निशाणे पाहतो आणि पुढे सरकतो. खेळाडू मात्र काचेपाशी अडून बसतो. त्याला बटणांचा रंग तर हवाच असतो, पण त्याहून अधिक हिशेब हवा असतो. सायबॉर्नच्या प्रतिकृतीत एका मैलाला नऊ फूट असे प्रमाण आहे. त्या मानाने शिपाई तीन मिलिमीटरचे हवे होते, आहेत त्याच्या तिपटीहून मोठे. दिसावेत म्हणून मोठे केले, आणि मोठे केले म्हणून त्यांची संख्या कमी करावी लागली. खेळाडूही हीच तडजोड करतो. सहाशे जणांची पलटण तो चोवीस पुतळ्यांत बसवितो आणि एक पुतळा म्हणजे पंचवीस माणसे असे मनाशी धरून चालतो. जमीन, वेळ आणि माणूस ही तीन मापे एकमेकांशी कधीच पुरती जुळत नाहीत. कोणत्या मापाशी तडजोड केली हे ध्यानात ठेवून खेळणे, हा या खेळातील अर्धा अभ्यास आहे.

या खेळाची परंपराही लहान नाही. प्रशियात फोन राइसवित्स पितापुत्रांनी तो लष्करी शिक्षणासाठी सिद्ध केला. मुलाने १८२४ साली नियमांचे पुस्तक काढले. त्यात १ : ८००० प्रमाणाचा नकाशा, पलटणींचे ठोकळे, फासे आणि एक पंच अशी मांडणी होती. १९१३ साली एच. जी. वेल्स या विख्यात लेखकाने खेळण्यातल्या तोफांनी लढण्याचे नियम प्रसिद्ध केले, तेही खऱ्या युद्धावरचा निरुपद्रवी उतारा म्हणून. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

मृतांच्या नावावर खेळ मांडावा काय, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल, आणि तो येणे योग्यच आहे. पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात एक पितळी मुलाम्याचे चिलखत आहे. वॉटर्लूवर लढलेल्या फोव्हो नावाच्या तरुण फ्रेंच घोडेस्वाराचे ते असल्याचे सांगतात. त्याच्या छातीवर तोफेच्या गोळ्याने आरपार भगदाड पाडले आहे. फासा टाकून एक पुतळा बाजूला ठेवताना ‘पंचवीस माणसे गेली’ असे आपण सहज म्हणतो. ते चिलखत पाहिलेला खेळाडू तितक्या सहजपणे म्हणू शकेल असे मला वाटत नाही. पुस्तकांतून हे शिकता येत नाही असे नाही; परंतु भगदाडातून पलीकडची भिंत दिसते तेव्हा ते जसे पटते तसे एरवी पटत नाही.

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजांवर मावळे बसवितात. त्यात नियम नसतात, फासे नसतात, पण उंचावरून दरीत पाहण्याची दृष्टी असते. त्या वयाची आवड ज्यांच्यात टिकून राहिली त्यांनी थोरपणी एखादी लढाई मेजावर अवश्य मांडावी. माझी सूचना असईची. आजच्या जालना जिल्ह्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी ती झाली. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांसमोर जो सेनापती होता, तोच बारा वर्षांनी वॉटर्लूवर वेलिंग्टन म्हणून उभा राहिला. उतार नाही असे वाटाड्ये सांगत असता, केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात त्या अर्थी मधून उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. तेव्हा मेजावर नदी काढताना ती दोन गावे विसरून चालणार नाही.

त्याच्या अपेक्षेबाहेरची गोष्ट पुढे घडली. शिंद्यांच्या कवायती पायदळाने पोलमान या सेनानीच्या हुकमतीखाली झपाट्याने तोंड फिरवून नव्या दिशेला आघाडी धरली. ही हालचाल खेळात किती वेळात होऊ द्यावी, यावर सारा डाव फिरतो; आणि इंग्रजांच्या बाजूने लिहिलेले नियम येथे हात आखडता घेतात, असा माझा ग्रह आहे. खेळताना शिंद्यांची बाजू घेऊन बसावे म्हणजे हे चटकन ध्यानात येते.

तोफखान्याचा नियमही असाच जपून लिहावा लागेल. इंग्रज फळी तोफांवरून पुढे गेली तेव्हा मेल्याचे सोंग करून पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. म्हणून तोफा हाती पडल्या तरी गोलंदाजांचे पुतळे मेजावरून उचलू नयेत. ते तोफांपाशीच आडवे ठेवावेत. आणि शत्रूची पलटण एक हात पुढे सरकली, की फासा शिंद्यांच्या खेळाडूच्या हाती द्यावा.