मोत्याची दाढ आणि दवाखान्याचं बिल

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणाविषयी बोललो होतो. आज त्याच शेळ्यांच्या राखणदाराविषयी बोलणार आहोत, म्हणजे कुत्र्याविषयी, आणि जाता जाता मांजराविषयीही. विषय ऐकून हसू नका. कुत्र्यामांजराचे दात, आणि त्यांच्या उपचाराला लागणारे पैसे. आमच्या गटात हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हीही हसलो होतो. त्यानंतर दोन बैठका त्याच विषयावर भांडण्यात गेल्या.

बैलाचे दात बघायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे आपण बाजारात उभ्या उभ्या सांगतो. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ अशी आपली म्हणच आहे. पण दारातल्या कुत्र्याचं तोंड उघडून कोणी बघितलंय का? मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि मांजराला तीस. आम्हाला हे गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे मोत्या नावाचा कुत्रा आहे. माळावरची वस्ती, अकरा शेळ्या, आणि आमच्या माणदेशात लांडग्यांचा त्रास नवा नाही. मोत्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. सगळ्यांना वाटलं, बाभळीचा काटा लागला असेल. हळद लावली. सूज फुटली, पू आला, बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं दिली की सूज बसायची आणि महिन्याभरात परत यायची. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तोंडाला पट्टी बांधून ओठ वर केला आणि आम्हाला जवळ बोलावलं. वरची मोठी दाढ उभी चिरली होती. त्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती थेट डोळ्याच्या खालपर्यंत जातात. चिरेतून घाण आत गेली, मुळाशी पू झाला आणि त्याने गालातून वाट काढली. म्हणजे रोग तोंडात होता आणि आम्ही हळद गालाला लावत होतो.

दाढ चिरली कशाने? तर मटणाचं मोठं हाड आणि दगड. हाडाने कुत्र्याचे दात साफ होतात असं आपण समजतो. नळीचं कडक हाड दातापेक्षा वरचढ ठरतं. शिजवलेलं हाड तर सुईसारखं फुटतं आणि घशात अडकतं. वाळल्या भाकरीनेही दात साफ होत नाहीत, ती दात लागला की तुटून पडते. दातावर रोज एक मऊ पांढरा थर चढतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचं पिवळं-तपकिरी कीटण होतं. कीटण हिरडीच्या खाली सरकलं की हिरडी सुटते, हाड झिजतं आणि दात हलायला लागतो. कुत्रा मात्र काही बोलत नाही. तो एका बाजूने खातो, घास खाली पाडतो, पंजाने तोंड घासतो. तोंडाला घाण वास येतो आणि आपण म्हणतो, कुत्रंच ते, वास येणारच.

आता पैशाचं सांगतो. दाढ काढायला पूर्ण भूल लागते, एक्स-रे लागतो. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती सोय नव्हती. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ताईंनी फोन केला. फोन उचलणाऱ्या मुलीने सांगितलं, “दोन-अडीच हजारात होईल, घेऊन या.” ताई तीन हजार घेऊन गेल्या, टेम्पोभाडं वेगळं. संध्याकाळी हातात कागद आला. त्यावर एकच ओळ होती, दातांचे उपचार, ७,४०० रुपये.

ताईंनी आम्हाला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मोत्या भुलीतून अर्धवट जागा होता आणि टेम्पोवाला घाई करत होता. आम्ही फोनवरून फोन करून ४,४०० रुपये जमवले आणि पाठवले. मग पुढच्या बैठकीत प्रश्न आला, हे पैसे गटाचं कर्ज म्हणून धरायचे का? अंतर्गत कर्ज आपण शेळीला देतो, लेकरांच्या फीला देतो, माणसाच्या दुखण्याला देतो. कुत्र्याला? एक जण म्हणाली, “उद्या मांजरीच्या बाळंतपणाला मागशीला.” सगळ्या हसल्या, ताई खाली मान घालून बसल्या. तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजी म्हणाल्या, “अकरा शेळ्या कुणाच्या जिवावर हायेत माळाला? तिच्या नवऱ्याच्या? तो तर पुण्याला हाय.” मग कर्ज मंजूर झालं, शेकडा दोन रुपये व्याजाने, महिना चारशे मुद्दलाचे अकरा हप्ते. आठ फिटलेत.

पण ‘डॉक्टरने लुबाडलं’ हे मात्र गावभर झालं. आम्हालाही तसंच वाटत होतं. म्हणून आम्ही दोघी-तिघी त्या दवाखान्यात गेलो आणि बिलाची फोड मागितली. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनी लिहून दिली. तपासणी ३००, रक्ततपासणी ९००, भूल आणि सलाईन १,८००, दोन एक्स-रे ८००, मोठी दाढ काढणं १,५००, कीटण काढून पॉलिश १,२००, दोन हलणारे छोटे दात ६००, औषधं ३००. बेरीज बरोबर ७,४००. फोनवरच्या मुलीने तपासणी, दाढ आणि औषधं एवढंच धरलं होतं. भूल, रक्त, एक्स-रे तिच्या हिशेबात नव्हतंच.

कागद बघून आम्ही गप्प झालो. खोटं काहीच नव्हतं. रक्त का तपासलं? भूल सोसेल का, मूत्रपिंड-यकृत ठीक आहे का, हे बघायला. दोन एक्स-रे का? एक काढायच्या आधी, एक नंतर, मूळ आत तुटून राहिलं का ते बघायला. काम चांगलं झालं होतं, मोत्याची सूज पुन्हा आली नाही. पण कीटण काढणं आणि दोन दात, म्हणजे १,८०० रुपये, न विचारता झाले. भूल दिलीच आहे तर करून टाकू, असं त्यांना वाटलं, आणि एका परीने ते खरंही आहे, पुन्हा भूल द्यायचा खर्च वाचतो. तरी एक फोन करायला हवा होता. ज्या बाईच्या पिशवीत मोजके तीन हजार आहेत तिला आधी सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे, असं आमचं मत आहे आणि ते आम्ही डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

चूक आमचीही होती. पदव्या घेऊन, रजिस्टरं लिहून, बँकेत भांडून आलेल्या बाया आम्ही. पण फोनवर “दोन-अडीच हजार” ऐकलं आणि “त्यात काय काय आलं?” एवढं विचारलं नाही. शिरवळला आपल्याच जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला जोडून दवाखाना आहे, तिथे चौकशी करायचंही सुचलं नाही. परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही अशी महाविद्यालयं आहेत. तुमच्या जवळ जे असेल तिथे आधी विचारा. आणि जनावर हलवण्यासारखं नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाण्या झालो होतो. आमच्या एका काकूंची मनी वाटीजवळ जायची, वास घ्यायची आणि पळून जायची. लाळ गळायची. घरच्यांनी तापाची अर्धी गोळी दुधात घालायला काढली होती. नशीब, शेजारच्या पोरीने अडवलं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. तापावरची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडीशीही जीव घेऊ शकते. आपल्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्यालाही द्यायच्या नाहीत. माणसाची टूथपेस्टसुद्धा नाही. ती आपण थुंकतो, जनावर गिळतं. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला मारक आहे.

मनीला वेगळ्या दवाखान्यात नेलं. जायच्या आधी आम्ही वहीच्या पानावर विचारायच्या गोष्टी लिहून घेतल्या. तपासणी फी किती? भूल धरून की वेगळी? एक्स-रे एका फोटोचा किती? दात काढायचा दर एका मुळाच्या दाताला वेगळा आणि दाढेला वेगळा का? घरी न्यायची औषधं, टाके, पुन्हा दाखवायला येणं, हे त्यात आलं का? आत गेल्यावर आणखी काही निघालं तर फोन करणार का? त्या डॉक्टरबाई हसल्या, पण त्यांनी लिहून दिलं, ३,२०० ते ५,०००. वर हेही सांगितलं की तोंड भुलीखाली नीट बघितल्याशिवाय नेमका आकडा कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. हे आम्हाला पटलं. दर जनावराच्या वजनावर, दातांच्या मुळांवर, वयावर बदलणारच. पण तपासणी, एक्स-रे, भूल यांचा दर भिंतीवर लिहायला काय हरकत आहे? मध्येच फोन आला की दोन दात मुळाशी आतून विरघळत चाललेत, काढू का? काकूंनी हो म्हटलं. बिल ४,१०० झालं. सहीच्या कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी आधी वाचून घेतलं होतं, चष्मा विसरल्या होत्या म्हणून आमच्याकडून.

बिलाविषयी अजून थोडं. पशुवैद्यकाच्या उपचाराच्या सेवेवर जीएसटी लागत नाही, औषधांच्या किमतीत तो असतो. बिलात उपचारावर वेगळा जीएसटी दिसला तर विचारा. डॉक्टर नोंदणीकृत आहेत का हेही विचारायचा आपल्याला हक्क आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ पासून आहे आणि नोंदणी क्रमांक सांगायला खऱ्या डॉक्टरला राग येत नाही. शहरात कुत्र्यांना आंघोळ घालायच्या दुकानात भूल न देता पाचशेत दात खरवडून देतात म्हणे. वरून पांढरे दिसतात, पण हिरडीखालचं कीटण तसंच राहतं आणि दुखणं तिथेच असतं. त्यापेक्षा ते पाचशे साठवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि इथे पैशाचा प्रश्नच येत नाही. कुत्र्याचा जबडा खाली लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, घशात हाड अडकल्यासारखं वाटतंय. अशा वेळी तोंडात हात घालू नका. हे पिसाळण्याचं, म्हणजे रेबीजचं लक्षण असू शकतं. माणसांना, लेकरांना लांब करा, शक्य असेल तर त्याला दार लावून कोंडा आणि पशुवैद्यकाला कळवा. लाळ जखमेला लागली, ओरखडा उठला, चावलं, तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. रोगाची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही. म्हणून दात बघायची सवय लावायची ती ज्या कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस दिली आहे त्यालाच, आणि पिल्लू असल्यापासून.

पिल्लाचे दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात. त्या वयात रोज ओठ वर करून बोट फिरवा, बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळून दात पुसा. पुढे लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो, पेस्ट लावायची असेल तर जनावरांचीच. रोज जमलं तर उत्तम. आमच्यात कोणालाच रोज जमत नाही, खोटं कशाला सांगू, पण आठवड्यात तीन-चार वेळा जमतं. मोठ्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी धरून ब्रश करायला जाऊ नका, चावेल. आणि भूल देऊन उपचार ठरला असेल तर आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं की नाही, किती तास उपाशी ठेवायचं, हे डॉक्टरांना विचारून तसंच्या तसं पाळा. मोत्याला सकाळी प्रवासाला निघताना पोरांनी लाडाने भाकरी घातली होती, त्यामुळे त्याची भूल दुपारपर्यंत लांबली.

गटाच्या वहीत आता एक वेगळं पान आहे. आसपासच्या तीन दवाखान्यांचे दर आम्ही त्यावर लिहितो आहोत, तारखेसकट. दोघांनी दिले. त्यातला एक तोच, मोत्याचा दवाखाना. तिथे आता टेबलाशेजारी छापलेला दरांचा कागद लावलाय. तिसऱ्याने सांगितलं, “आम्ही असं फोनवर सांगत नसतो.” त्याची ओळ आम्ही कोरी ठेवली आहे, नाव मात्र लिहिलंय. तुमच्यापैकी कोणाकडे जनावराच्या उपचाराचं बिल असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण एकत्र बसून वाचू.