बाळंतपणाची बॅग कुणी भरायची?

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोलले, तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

नववा महिना लागलेल्या, लागत आलेल्या तायांचे खूप मेसेज आलेत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "सिस्टर, दवाखान्यात न्यायच्या बॅगेची यादी द्या ना." देते. पण मोबाईलवर शोधलंत तर अशा शंभर याद्या सापडतील, आणि त्यातल्या निम्म्या काहीतरी विकणाऱ्यांनीच लिहिलेल्या असतात. म्हणून आज यादीच्या आधी एक प्रश्न. ही बॅग भरायची कुणी?

आपल्याकडे ती भरते गरोदर बाई, नाहीतर तिची आई. आणि उघडतो कोण? मी लेबर रूममध्ये नोकरी करते, नेहमी ऐकणाऱ्यांना हे माहीत आहे. तर मी सांगते कोण उघडतो ते. रात्री अडीच वाजता बाहेरच्या बाकड्यावर बसलेला नवरा. किंवा भाऊ, किंवा धावत आलेली मावशी. आम्ही दार उघडून म्हणतो, "बाळाचे कपडे द्या." आणि मग सुरू होतं. चेन अडकलेली. वर सासूबाईंनी दिलेला थर्मास, त्याखाली बाईचे गाऊन, त्याखाली फरसाणचं पाकीट. दादा सगळी बॅग फरशीवर ओततात आणि हातात टॉवेल घेऊन विचारतात, "हे चालेल का?" त्यांची काही चूक नाही हो. त्यांनी ती बॅग आजवर उघडून पाहिलेलीच नसते.

म्हणून माझं सांगणं असं, की जो माणूस दाराबाहेर असणार आहे, त्यानेच बॅग भरायची. ताई, तुम्ही पलंगावर बसून फक्त सांगायचं. त्याने स्वतःच्या हाताने घडी घातली की कुठे काय आहे हे त्याला अंधारातही सापडतं. आणि घरात अजून एक माणूस असा हवा ज्याला बॅग कुठे ठेवली आहे हे माहीत आहे. नवरा नाईट शिफ्टला असला तर?

आता ते कपडे आम्ही इतक्या घाईने का मागतो, ते सांगते. बाळ ओलं जन्माला येतं. आईच्या पोटात ते ३७ अंशांच्या आसपास उबेत असतं आणि एका मिनिटात पंख्याच्या, एसीच्या हवेत येतं. अंगावरचं पाणी सुकताना बाळाची ऊब घेऊन जातं, आणि आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम करणं त्याला जमत नाही. म्हणून लगेच एका कोरड्या कापडाने पुसायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने दोघांना झाकायचं. डोक्यावर टोपडं, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि बरीच ऊब तिथूनच जाते. थोडक्यात दोन मोठी मऊ सुती कापडं, एक टोपडं, एक झबलं, एक लंगोट. एवढं एका वेगळ्या पिशवीत भरा, त्यावर मार्करने "बाळ" लिहा आणि ती बॅगेत सगळ्यात वर ठेवा. आजच्या भागातलं फक्त एवढंच केलंत तरी माझं काम झालं.

बाकी बाळाचं फार काही लागत नाही. पुढून बांधायची चार-पाच झबली, डझनभर लंगोट, पाच-सहा दुपटी, दोन टोपडी, पायमोजे, थंडीचे दिवस असतील तर एक जाडसर शाल. डायपर न्यायचे तर न्या, नवजात मापाचं लहान पाकीट पुरतं. पहिल्या दिवशी बाळाला आंघोळ घालायची नसते, निदान २४ तास तरी. त्यामुळे साबण, पावडर, तेल, ते गोंडस गिफ्ट सेट, सगळं घरीच राहू द्या.

इथे एक अडचण येते, ती मला दर वेळी कुणीतरी सांगतंच. "सिस्टर, आमच्यात बाळ यायच्या आधी त्याचे कपडे घेत नाहीत." माहीत आहे. बाळंतविडा नंतरच यायचा. मला यात भांडण करावंसं वाटत नाही, कारण जुन्या लोकांनीच त्यातून वाट काढून ठेवली आहे. ताईच्या, वहिनीच्या मुलाची जुनी झबली आणि आजीच्या सुती साडीची दुपटी घ्या. नव्या कापडाला खळ असते, जुनं कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, म्हणजे बाळाच्या कातडीला ते जास्त चांगलं.

पण थांबा. हे जुने कपडे येतात कुठून? माळ्यावरच्या पेटीतून. आणि पेटीत काय असतं? डांबरगोळ्या. हे नीट ऐका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मापासूनच कमी असतं. बाहेरून बघून ते कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळीतलं नॅप्थलीन श्वासातून किंवा कातडीतून गेलं, तर तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. म्हणून ज्या कपड्यांना, शालीला, गोधडीला तो वास येतोय, ते बाळापासून लांबच ठेवा. धुऊन वास गेला की झालं, असं धरून चालू नका, दुसरे कपडे घ्या. जे न्यायचे आहेत तेही आठव्या महिन्यात धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवा.

आता फाईल. खरं सांगू का, सगळी बॅग घरी राहिली तर बाजारातून आणता येते, फाईल नाही आणता येत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नाव नोंदवलं पुण्यात, सोनोग्राफ्या पुण्यात, आणि कळा येतात लातूरला. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला आयुष्यात कधी पाहिलेलं नसतं. त्यांना तुम्ही कळणार ते कागदावरून. माता व बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या, त्यातही पहिल्या तीन महिन्यांतली नक्की, कारण तारखेचा सगळ्यात भरवशाचा अंदाज तिच्यावरूनच येतो. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, कावीळ बी, व्हीडीआरएलचे रिपोर्ट. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी. आधी सिझर झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड.

आणि रक्तगट. फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने मोठा लिहा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं. ते राहिलं तर या बाळाला काही होत नाही, त्रास पुढच्या बाळाला होऊ शकतो. त्या ७२ तासांत घरात पेढे वाटणं चालू असतं, कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून लाल पेन.

फाईलमध्ये दोघांची आधार कार्डं, ताईंच्या नावाचं बँक पासबुक आणि रेशन कार्डही ठेवा. आता नावाचा घोळ. कार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं, पासबुकावर तिसरंच काहीतरी. योजनेचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, ते अशाने अडकतात. आणि बाळाच्या जन्माची नोंद दवाखान्यातून पुढे जाते, तिच्यात आईचं नाव जसं लिहून द्याल तसं दाखल्यावर छापून येतं. पुढे शाळा, पासपोर्ट, सगळीकडे तेच. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं, वर्षभरात घातलं तर त्याला शुल्कही नाही. म्हणजे बारशाची वाट बघत नोंद अडवून ठेवायचं कारण नाही. पण आई-बाबांची नावं आधारवर आहेत तशी, एकेक अक्षर बघून, एका कागदावर आधीच लिहून ठेवा. फॉर्म भरायला बहुतेक काका नाहीतर मामा जातात, आणि ते आठवेल तसं लिहून येतात.

सगळ्या कागदांचे फोटो काढून नवऱ्याला, आईला पाठवून ठेवा. फोटो फक्त ताईंच्याच मोबाईलमध्ये, तो लॉक, आणि ताई आत, असं आमच्याकडे रोज होतं. फोटो असले तरी मूळ कागद मात्र बरोबर हवेतच.

ताईंचं सामान पटकन सांगते. पुढून उघडणारे तीन-चार गाऊन, दूध पाजायला सोपे. बाळंतिणीचे मोठे पॅड दोन पाकिटं, कारण अंगावरून जाणं पाळीपेक्षा बरंच जास्त असतं. आणि हे दादांसाठी: तासाभरात अख्खा पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर "बाळंतपणात जातंच" असं कुणीही म्हणालं तरी सिस्टरला हाक मारायची, लगेच. निकर गडद रंगाच्या आणि कमरेला उंच घ्या, सिझर झालं तर पट्टी टाक्यांवर बसत नाही. चप्पल न घसरणारी. पाण्याची बाटली, स्टीलचा ग्लास, चमचा, ब्रश, कंगवा, चादर, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी. लांब वायरचा चार्जर, सॉकेट कायम पलंगाच्या मागे असतं. थोडे रोख पैसे, कारण नेमकी तेव्हाच रेंज जाते. कान बांधायला रुमाल मी यादीत घालत नाही, तो कुणीतरी आणतंच.

दागिने घरी. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा सगळ्यांना हौसेने ठेवायचा असतो, पण सलाईनची सुई हातातच लावायची असते, आणि कळांच्या वेळी काच फुटते. नेलपॉलिशही काढून या, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्याने चुकीचा आकडा दाखवू शकतं.

सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर बॅग अजून हलकी होते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत. औषधं, तपासण्या, गरज पडली तर रक्त मोफत. आईचं जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझरमध्ये सात दिवस. घरून दवाखान्यात आणायची आणि परत घरी सोडायची गाडीही मोफत, १०२ नंबर. घरी सोडायची गाडी बरेच लोक मागतच नाहीत, रिक्षा करून टाक्यांवर खड्डे खात जातात. मागा, तुमचा हक्क आहे. खासगीत असाल तर आठव्या महिन्यातच विचारून घ्या की दवाखान्यातून काय मिळतं. काही ठिकाणी पॅड, डायपरचा पूर्ण संच बिलात लावलेला असतो आणि तुम्ही तेच घरून घेऊन येता.

आता बॅगेत काय नको. मध, गुटी, दुधाची बाटली, पावडरचा डबा, काजळ. यावर घरात वाद होतात हे मला ठाऊक आहे. आजीला नातवाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा असतो. तिच्या प्रेमाबद्दल शंकाच नाही. पण मधात कधी कधी एका जिवाणूची बीजं असतात. मोठ्या माणसाला ती पचतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ती वाढू शकतात, त्यांचं विष तयार होतं आणि बाळाचे स्नायू लुळे पडायला लागतात. पहिल्या तासात बाळाला हवा असतो तो आईचा चीक. थोडाच येतो, पिवळट, घट्ट. "दूधच येत नाही" म्हणत बाटली निघते ती इथेच. बाळाचं पोट तेवढंच असतं हो, त्याला पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर पुरतो. डॉक्टरांनी काही कारणाने वरचं दूध सांगितलंच, तर ते कसं द्यायचं हेही तेच सांगतील, त्यासाठी डबा आधीपासून बॅगेत नको.

हे आजीशी आठव्या महिन्यात बोला. बाळ हातात असताना, चार पाहुणे समोर असताना बोललात तर तिचा अपमान होतो आणि मध चाटवला जातोच, आमची पाठ वळल्यावर. माझा अनुभव असा, की आजीला काम दिलं की ती आपल्या बाजूने येते. आईला पहिल्या तासात पाजायला बसवायचं, उशी लावायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हात धुवायला लावायचं, हे आजीइतकं खमकेपणाने कुणी करत नाही.

बॅग ३६ आठवडे पूर्ण व्हायच्या आत तयार हवी. जुळं असेल, बीपी असेल, तर त्याच्याही आधी. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर आता बॅग विसरा, असं म्हणायची वेळ कधी येते तेही ऐका. अंगावरून रक्त जायला लागलं, पाणी गेलं आणि ते हिरवट आहे, बाळाची हालचाल कमी वाटतेय, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येतेय, झटका आला, यातलं काहीही झालं तर झबली शोधत बसू नका. फाईल हातात आली तर घ्या, नाहीतर तीही राहू द्या, मागून कुणीतरी आणेल. १०८ ला फोन करा आणि निघा. कापड आम्ही कुठूनही देतो.

निघण्याआधी जन्माचे डोस झालेत का बघा: बीसीजी, पोलिओचे थेंब, आणि कावीळ बी ची लस, जी २४ तासांत द्यायची असते. कार्डावर नोंद घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. पुढचा भाग आहे बाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या काविळीवर, कुठली साधी, कुठली दाखवायलाच हवी. तुमच्या घरी काय सांगतात, सकाळच्या उन्हात धरा वगैरे, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. चला, माझी ड्युटी आहे. भेटू.