पाठीचं ऑपरेशन : नेमकं कशावर?



कामावर उंचावरून पडून, दुचाकी घसरून किंवा जड पोतं उचलताना पाठीला इजा होते. सुरुवातीला विश्रांती, गोळ्या, बेल्ट, शेक असं सगळं होतं. तीन महिने जातात, सहा जातात, वर्ष उलटतं, तरी दुखणं हटत नाही. मग घरात एकच चर्चा सुरू होते : ऑपरेशन करायचं की नाही? कुणी म्हणतं, करून टाका, एकदाचं सुटाल. कुणी म्हणतं, मणक्याला हात लावू देऊ नका, माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. दोन्ही सल्ले कळकळीने दिलेले असतात आणि दोन्हींत एकच उणीव असते. ऑपरेशन नेमकं कशावर करायचं आहे, हे कुणी विचारलेलं नसतं. सर्जनला नसेवरचा दाब काढता येतो. सैल झालेला, जागेवरून सरकणारा मणका जखडता येतो. मोडलेलं हाड आधार देऊन उभं करता येतं. पण दुखणं ही कापून बाहेर काढता येणारी वस्तू नाही. म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : ज्यावर हत्यार चालवता येईल असं काही पाठीत सापडलं आहे का, आणि तेच या माणसाच्या दुखण्याचं कारण आहे याचा पुरावा आहे का, या दोन प्रश्नांवर निर्णय व्हावा. दुखणं किती असह्य आहे किंवा किती जुनं आहे, यावर तो होऊ नये.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो, कारण तिथे चर्चेला वेळच नसतो. लघवी अडकली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद दिवसागणिक कमी व्हायला लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, तर क्षयरोग, इतर जंतुसंसर्ग किंवा गाठ यांचा शोध घ्यावाच लागतो. आपल्याकडे मणक्याचा क्षय दुर्मीळ नाही. अपघातानंतर मणका मोडून अस्थिर झाला असेल, तर त्याचाही हिशेब वेगळा. आज मी बोलतो आहे ते यातलं काहीही नसलेल्या आणि तरीही रोज दुखणाऱ्या पाठीबद्दल. अशा पाठी संख्येने कितीतरी जास्त आहेत.

अशा माणसाच्या हातात बहुधा एमआरआयचा रिपोर्ट असतो. त्यात लिहिलेलं असतं : ‘एल फोर-एल फाइव्ह पातळीवर डिफ्यूज डिस्क बल्ज, डिस्क डेसिकेशन, थिकल सॅकवर इंडेंटेशन.’ म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगली आहे, तिच्यातलं पाणी कमी झालं आहे आणि ती मागच्या आवरणाला टेकते आहे. वाचणाऱ्याला वाटतं, कारण सापडलं. पण ज्यांची पाठ दुखत नाही अशांचे एमआरआय काढले तर काय दिसतं? अमेरिकेत १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. त्यातल्या ५२ टक्क्यांची कुठली ना कुठली गादी फुगलेली होती. सगळ्या गाद्या धड असलेले जेमतेम ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा, म्हणजे तीन हजारांहून जास्त निरोगी माणसांचा, एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के झालं. केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. आता चाळिशीतल्या एखाद्या माणसाला अपघात झाला, त्यानंतर पहिल्यांदाच एमआरआय निघाला आणि त्यात फुगलेली गादी दिसली, तर ती अपघाताने फुगली की आधीपासूनच तशी होती, हे त्या चित्रावरून बहुतेक वेळा सांगता येत नाही. अपघाताच्या आदल्या दिवशीचं चित्र कुणाकडेच नसतं. रिपोर्ट खोटा नसतो. पण ‘इथे बदल आहे’ आणि ‘दुखणं इथूनच येतं’ या दोन वाक्यांमधलं अंतर तो एकटा भरून काढू शकत नाही.

ते अंतर कसं भरायचं, हे पायात कळ जाणाऱ्या रुग्णाच्या तपासणीत दिसतं. त्याला उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला की ठरावीक उंचीवर कमरेपासून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ उठते. डॉक्टर त्याच्या अंगठ्यावर बोट दाबून ‘वर उचला’ म्हणतात, तेव्हा एका पायाचा अंगठा ताठ उभा राहतो आणि दुसरा दाबाखाली वाकतो. पायाच्या वरच्या बाजूला टाचणीचा स्पर्श बोथट लागतो. ही सगळी लक्षणं एकाच नसेकडे, समजा पाचव्या कंबर-नसेकडे, बोट दाखवतात आणि एमआरआयमध्ये त्याच बाजूला त्याच नसेवर गादीचा तुकडा बसलेला दिसतो. आता चित्र, तपासणी आणि रुग्णाची तक्रार एकमेकांशी जुळली. इथे सर्जनला काढण्यासारखं काहीतरी आहे, आणि इथे ऑपरेशनचा उपयोग होतो हे चाचण्यांतून सिद्ध झालं आहे. कॅनडात चार ते बारा महिने सायटिका, म्हणजे पायात जाणारी अशी कळ, सोसलेल्या १२८ रुग्णांवर झालेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर पायाच्या दुखण्याची तीव्रता दहापैकी, ऑपरेशन झालेल्यांमध्ये सरासरी २.८ होती आणि इतर उपचार घेतलेल्यांमध्ये ५.२. हा फरक छोटा नाही. म्हणून ‘मणक्याला हातच लावू देऊ नका’ हा सल्ला मला मान्य नाही. अर्थात सायटिका नुकतीच सुरू झाली असेल, तर घाईही नको. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन करायचं ठरवलं आणि बाकीच्यांना थांबायला सांगितलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, बाकीच्यांची त्याशिवाय सुटका झाली, आणि वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाले होते. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, हा त्यातला खरा फायदा. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला तो मोठाच वाटेल, आणि त्यासाठी त्याने ऑपरेशन निवडलं तर त्यात काही चूक नाही.

खरी अडचण पुढे आहे. पाय ठीक आहे, अंगठा ताठ उभा राहतो, नुसती कंबर दुखते, आणि सल्ला मिळतो फ्यूजनचा. या ऑपरेशनमध्ये पाठीचे स्नायू मणक्यापासून सोडवून बाजूला करतात, दोन किंवा अधिक मणक्यांत स्क्रू घालून ते सळ्यांनी जोडतात आणि मध्ये हाडाचे तुकडे भरतात. पुढच्या काही महिन्यांत ते तुकडे एकजीव होऊन दोन मणक्यांचा एक सलग खांब व्हावा, अशी अपेक्षा असते. तंबाखू ओढणाऱ्यांची हाडं जुळायला त्रास होतो, म्हणून सर्जन आधी विडी-सिगारेट बंद करायला लावतात. या सगळ्यामागचा विचार असा, की दुखऱ्या गादीची हालचाल थांबली की दुखणं थांबेल. ऐकायला तो पटण्यासारखा आहे. म्हणूनच तो तपासून पाहायला हवा होता, आणि युरोपात तो तपासला गेला.

स्वीडनमध्ये २९४ रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यांना किमान दोन वर्षं कंबरदुखी होती. दोन वर्षांनंतर फ्यूजन झालेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी ‘बरं वाटतं’ किंवा ‘खूप बरं वाटतं’ असं सांगितलं, तर दुसऱ्या गटात २९ टक्क्यांनी. २००१ साली हे निष्कर्ष आले तेव्हा फ्यूजनची बाजू भक्कम झाल्यासारखी वाटली, आणि आजही या चाचणीचा दाखला दिला जातो. पण दुसऱ्या गटाला काय दिलं होतं? मुख्यतः नेहमीचीच फिजिओथेरपी, जिचा त्या रुग्णांना आधीच उपयोग झालेला नव्हता. एका बाजूला नवी उमेद देणारा मोठा उपचार आणि दुसऱ्या बाजूला फसलेल्या उपचाराचीच पुढची फेरी, अशी ती तुलना होती. २००३ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी तुलनेची दुसरी बाजू बदलली. त्यांचे रुग्ण ६४च होते. काहींना फ्यूजन आणि बाकीच्यांना काही आठवड्यांचा सघन व्यायाम, सोबत रोजच्या हालचालींनी गादीला इजा होत नाही हे नीट समजावून सांगणं. वर्षभराने ऑपरेशनच्या गटात ७० टक्के आणि व्यायामाच्या गटात ७६ टक्के यशस्वी ठरले. म्हणजे फरक नाहीच. मग २००५ साली ब्रिटनमधली ३४९ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रोजच्या व्यवहारातली अडचण मोजणाऱ्या शंभर गुणांच्या मापावर फ्यूजन सघन व्यायामापेक्षा फक्त ४.१ गुणांनी सरस ठरलं, आणि त्याबरोबर ऑपरेशनमधल्या गुंतागुंतीही आल्या. तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली सांगितलं, की नुसत्या कंबरदुखीसाठी फ्यूजन संशोधन-चाचणीबाहेर देऊ नये.

इजेनंतरच्या दुखण्याबद्दल माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारी आकडेवारी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली आहे. तिथे कामावर इजा झालेल्या कामगारांना सरकारी भरपाई योजना आहे आणि तिच्या नोंदी ठेवल्या जातात. गादीची झीज, गादी सरकणं, नस दबणं अशी निदानं असलेले ७२५ कामगार फ्यूजन झालेले आणि तितकेच ऑपरेशन न झालेले, अशी तुलना २०११ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर ऑपरेशन न झालेल्यांपैकी ६७ टक्के कामावर परतले होते. फ्यूजन झालेल्यांपैकी २६ टक्के. फ्यूजन झालेल्या दर चारांतल्या एकाहून अधिकांवर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. यावर पहिला आक्षेप लगेच येईल : ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांचं दुखणं मुळातच जास्त असणार. हा आक्षेप रास्त आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे ऑपरेशनमुळेच ते घरी बसले असं मी म्हणणार नाही. पण हे ऑपरेशन सुचवताना आशा हीच दाखवतात ना, की माणूस पुन्हा उभा राहील, कामाला लागेल? त्या आशेला दोन वर्षांनंतर सव्वीस टक्क्यांचाच आधार मिळाला. दुसरा आक्षेप असा, की भरपाई मिळणारे लोक बरे व्हायला तयारच नसतात. हे मी मानत नाही. भरपाई दोन्ही गटांना मिळत होती, तरी एका गटातले दोन-तृतीयांश लोक कामावर गेले. शिवाय भरपाईच्या कचेरीत आपलं दुखणं पुन्हापुन्हा सिद्ध करावं लागणं हा त्या माणसावरचाच एक ताण आहे. त्यासाठी त्याला लबाड ठरवणं अन्यायाचं आहे.

‘आमच्या शेजाऱ्यांचं ऑपरेशन झालं, ते आता टुणटुणीत आहेत,’ असं प्रत्येक गावात ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं. पण आराम कशाने पडला हे एकट्या उदाहरणावरून ठरत नाही. मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराचं असंच झालं. रुग्णांना लगेच बरं वाटत होतं, डॉक्टरांची खात्री पटली होती. २००९ साली दोन चाचण्यांत काही रुग्णांना सिमेंट भरलं आणि काहींवर, त्यांना कळू न देता, सिमेंट न भरता तसाच सगळा उपचार केला. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. काळ, नैसर्गिक सुधारणा, काहीतरी ठोस झालं हा दिलासा, या सगळ्यांचा वाटा त्या आरामात होता.

मग कोणी दुखावून विचारतं : म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे असं म्हणायचंय का? अजिबात नाही. इजेनंतर महिनोन्‌महिने दुखत राहिलं की मज्जासंस्था स्वतःच जास्त संवेदनशील होते. संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशींची उत्तेजना वाढते. नंतर साधा स्पर्श, साधं वाकणंही झोंबायला लागतं. झोप उडते, हालचाल कमी होते, पाठीचे स्नायू अशक्त होतात आणि वाकण्याची भीती बसते. हे दुखणं पूर्ण खरं आहे. पण ते एका मणक्यापुरतं उरलेलं नसतं, म्हणून एक मणका जखडून ते जात नाही. स्कॉटिश अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॅडेल यांनी स्वतः सर्जन असूनही शरीर, मन आणि परिस्थिती यांचा एकत्र विचार करायला ऐंशीच्या दशकातच सांगितलं, ते याचसाठी.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. परदेशातल्या त्या चाचण्यांतला व्यायाम आम्हाला कुठे मिळतो? ब्रिटनमधल्या कार्यक्रमात बहुतेक केंद्रांवर आठवड्याचे पाच दिवस, तीन आठवडे, मिळून सुमारे ७५ तास व्यायाम होता आणि भीती कमी करण्यावर मानसोपचाराच्या पद्धतीने काम होतं. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी म्हणजे बहुधा दहा दिवस शेक, ट्रॅक्शन आणि विजेच्या यंत्राच्या पट्ट्या. तेवढ्यावर ‘फिजिओ करून पाहिलं, उपयोग झाला नाही’ असा शेरा पडतो आणि ऑपरेशनची चिठ्ठी हातात येते. मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावर पैसे देतात. बाहेरून येऊन आठवडेच्या आठवडे घेतलेल्या व्यायामाचा खर्च सहसा खिशातून जातो. म्हणजे लाखांचं ऑपरेशन घरच्यांना परवडतं आणि काही हजारांचा व्यायाम परवडत नाही. हा आक्षेप माझ्या युक्तिवादाला खोडत नाही, पण नुसता युक्तिवाद रुग्णापुढे ठेवून मोकळं होता येत नाही हे मात्र दाखवून देतो. व्यायामाच्या या कार्यक्रमाला महागडी यंत्रं लागत नाहीत. एक मोकळी खोली, जिना, वजन वाढवत न्यायला पाच-दहा किलोच्या वाळूच्या पिशव्या, आणि पहिल्या दिवशी दोन किलो उचलताना घाबरणाऱ्या माणसाजवळ उभा राहणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, एवढंच लागतं. जिल्हा रुग्णालयांत, कामगार विम्याच्या रुग्णालयांत आणि साखर कारखान्यांच्या दवाखान्यांत हे सुरू करता येईल. पाय ठीक असलेल्या आणि नुसती कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला फ्यूजनची तारीख देण्याआधी असे तीन आठवडे मिळाले पाहिजेत, आणि त्याचा खर्च विम्याने उचलला पाहिजे.