पुस्तकांच्या फळीवरचे स्पीकर



'बुकशेल्फ स्पीकर' या नांवानेंच पहिली दिशाभूल होते. पुस्तकांच्या फळीवर मावतील इतके लहान, एवढाच त्या नांवाचा अर्थ. ते फळीवरच ठेवावेत असा नाहीं, आणि पुष्कळसे स्पीकर तेथें ठेवल्यावर आपला स्वभाव बिघडवून घेतात. दुसरें विशेषण 'पॅसिव्ह'. तें सोपें आहे. ज्या खोक्याच्या पोटांत अ‍ॅम्प्लिफायर नाहीं, ज्याला भिंतींतल्या विजेची गरज नाहीं, आणि ज्याला बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून दोन तारांनीं शक्ति पोंचवावी लागते, तो पॅसिव्ह. हल्लीं बिनतारी, स्वयंपूर्ण स्पीकर घरोघर झाले आहेत. त्यांत सोय मोठी आहे हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्यांच्या आंतील यंत्रणा बिघडली किंवा कालबाह्य झाली, कीं सबंध खोकेंच अडगळींत जाण्याचा संभव असतो. पॅसिव्ह जोडी, अ‍ॅम्प्लिफायर बदलत गेले तरी, नीट सांभाळल्यास तीस-चाळीस वर्षें घरांत राहूं शकते. पेन्शनच्या पैशांतून एकदांच खरेदी करणाऱ्याला हा मुद्दा लहान नव्हे.

आतां अशा जोड्या एकमेकींशीं ताडून पाहतांना "यांत उत्तम कोणती?" असा प्रश्न दुकानांत विचारला जातो. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. प्रत्येक लहान खोक्यानें कांहीं तरी सोडलेलें असतें. त्यानें काय सोडलें आहे, आणि तें सोडलेलें आपल्या घरांत, आपल्या आवडीच्या गाण्याला चालेल काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

याचें कारण निसर्गाच्या नियमांतच आहे. आवाज म्हणजे हवेचें हालणें, आणि खालचा स्वर काढावयाचा तर पुष्कळ हवा हालवावी लागते. ५० हर्ट्झच्या स्वराची एक लाट सुमारें सात मीटर लांब असते. आपल्यापैकीं बहुतेकांचा दिवाणखानाहि तेवढा लांब नसतो. पांच इंची शंकूनें ती उठवावयाची म्हणजे लोट्यानें विहीर उपसण्यापैकींच. खोकें लहान, खर्ज खोल, आणि थोड्या शक्तींत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहींत. दोन पदरांत घेतल्या कीं तिसरी हातची जाते. अमेरिकेंत एडगर व्हिल्चर यांनीं १९५४ सालीं बंद खोक्यांत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान आकारांतून खोल खर्ज काढून दाखविला. मात्र तो स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ति फार खाई. पुढें नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनीं ऑस्ट्रेलियांत हा सर्व हिशेब गणितांत बसविला. थील यांचा निबंध १९६१ चा आहे. आज जगांत कोठेंहि खोकें तयार होवो, त्याच्या मागें या दोघांचें गणित असतें.

लहान स्पीकरांत सर्वांत नांवाजलेला जो नमुना, तो रेडिओच्याच घरांत जन्मला, हें ऐकून आपणांस मौज वाटेल. बीबीसीच्या अभियंत्यांना बाहेरच्या कार्यक्रमांच्या वेळीं मोटारगाडींत बसून आवाज पारखावा लागे. गाडींत मोठा स्पीकर मावेना, आणि हेडफोनवर पारख मनासारखी होईना. स्टुडिओची लहान प्रतिकृति करून तींत ध्वनीचे प्रयोग करण्यासाठीं त्यांनीं एक छोटा स्पीकर आधींच केला होता. त्यावरून १९७० च्या दशकांत 'एल. एस. ३/५ ए' हा स्पीकर सिद्ध झाला, आणि १९७६ सालीं बीबीसीच्या संशोधन विभागानें त्याच्या रचनेचा अहवाल प्रसिद्ध केला. उंची बारा इंच, रुंदी साडेसात, खोली साडेसहा. खोकें चोहोंकडून बंद. आंत 'केफ' या इंग्लिश कंपनीचे दोन घटक, एक पांच इंची वूफर आणि एक लहानसा ट्वीटर. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ इत्यादि कंपन्यांनीं बीबीसीच्या परवान्यानें तो बनविला.

यानें काय सोडलें? एक तर खोल खर्ज. ८० हर्ट्झच्या खालीं तो झपाट्यानें मावळतो. दुसरें, मोठा आवाज. लग्नाच्या मांडवांत त्याला कोणी नेऊं नये. आणि या दोन गोष्टी सोडून त्यानें मिळविलें काय, तर माणसाचा आवाज. बीबीसीची मंडळी स्पीकर पारखतांना स्टुडिओंत प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाचा आवाज आणि स्पीकरांतून येणारा त्याचाच आवाज यांची तुलना करीत. माणसाच्या आवाजाइतकी आपल्या कानाच्या ओळखीची दुसरी वस्तु नाहीं. त्यांत अनुनासिक झांक आली, छातींतला घुमारा जास्त झाला, 'स' कार टोंचूं लागला, तर शास्त्र न शिकलेल्या माणसालाहि तें ताबडतोब कळतें. सव्वाशे हर्ट्झच्या आसपास या स्पीकरांत किंचित उठाव आहे, त्यामुळें खर्ज आहे त्याहून भरीव भासतो. ही थोडीशी लबाडी आहे, पण सभ्य लबाडी आहे.

त्याच केफनें २०१२ सालीं आपल्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानें 'एल. एस. ५०' काढला, आणि २०२० मध्यें त्याची सुधारलेली 'मेटा' आवृत्ति. यांत ट्वीटर वूफरच्या अगदीं मध्यभागीं बसविलेला आहे, त्यामुळें खालचे व वरचे स्वर एकाच बिंदूंतून निघाल्यासारखे वाटतात. गायक कोठें बसला आहे, सारंगी त्याच्या कोणत्या हाताला आहे, हें या जोडींतून जितकें स्पष्ट कळतें तितकें दुसऱ्या कोणत्याहि लहान जोडींतून मला कळलेलें नाहीं. सोफ्याच्या कडेला बसलेल्या माणसालाहि वाटणी बरी मिळते, आणि घरांत चार माणसें एकत्र ऐकत असतील तर ही गोष्ट महत्त्वाची आहे. परंतु याला अ‍ॅम्प्लिफायर चांगला दमदार लागतो. नांवाला तो आठ ओहमचा असला तरी कांहीं ठिकाणीं साडेतीन ओहमपर्यंत उतरतो. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरची तेथें दमछाक होते.

तिसरा नमुना मी मुद्दाम कमी किंमतीचा घेतों. एलॅक या जर्मन कंपनीचा 'डेब्यू बी ६.२'. २०१८ च्या सुमारास हा निघाला. रचना अँड्र्यू जोन्स यांची. साडेसहा इंची वूफर आणि जवळजवळ पंधरा इंच उंचीचें खोकें. फळीवर हा मावेल कीं नाहीं याचीच शंका! येथें लहानपणाचा त्याग केला आहे, आणि त्याच्या मोबदल्यांत खर्ज मिळविला आहे. कंपनी ४४ हर्ट्झपर्यंतचा दावा करते. तबल्याचा बायां यांत खरोखर घुमतो. आवाजाची नजाकत मात्र पहिल्या दोघांइतकी नाहीं. सतारीच्या तरफा एकमेकींत थोड्या मिसळतात. तरीहि किंमत लक्षांत घेतां मला याचें कौतुक वाटतें.

आतां दुकानांत काय होतें तें सांगतों. अ‍ॅम्प्लिफायरचें बटण एकाच जागीं ठेवून विक्रेता एकामागून एक जोडी लावतो. बीबीसीचा स्पीकर त्याच दाबाला एक मीटरवर सुमारें साडेब्यायशीं डेसिबल आवाज देतो, केफ पंचायशीं, एलॅक सत्यायशीं. म्हणजे तिसरा पहिल्यापेक्षां साडेचार डेसिबलनें मोठा वाजतो. कानाचा धर्म असा आहे कीं, एका डेसिबलाचा फरक असला तरी तो आवाज 'मोठा' आहे हें सहसा कळत नाहीं. तो 'अधिक मोकळा', 'अधिक जिवंत' आहे असें वाटतें. साडेचार डेसिबलांपुढें मग बिचाऱ्या गुणांचें काय चालणार? वर्गांत जो मुलगा मोठ्यानें उत्तर देई तोच हुशार, असें मानणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. त्यांतलाच हा प्रकार. म्हणून विक्रेत्याला सांगून प्रत्येक जोडीचा आवाज आधीं सारखा करून घ्यावा. मोबाइलवर आवाज मोजण्याचें साधन मिळतें. तें अचूक नसलें तरी तुलनेपुरतें पुरें होतें. फोन एकाच जागीं ठेवावा, एकच खरखर वाजवावी, आणि आंकडा जुळवावा. इतकें केल्यावर निम्म्या लोकांची निवड बदलेल अशी माझी समजूत आहे.

ऐकावयाचें काय? दुकानदाराच्या चकचकीत तबकड्या नकोत. प्रथम बातम्या किंवा एखादें भाषण ऐकावें. पुरुषाचें आणि बाईचें, दोन्ही. मग तंबोरा. गवयाची पट्टी काळी एक धरली तर त्याचा षड्ज सुमारें १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. बायकांची काळी चार धरली तर खर्ज १०४ च्या आसपास येतो. ६९ हा आंकडा पहिल्या दोन्ही जोड्यांच्या पोंचेच्या किंचित बाहेरचा आहे, आणि असें असूनहि त्यांच्यावर तंबोरा सुरेख वाजतो. याचें मर्म जवारींत आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास करून दाखविलें होतें कीं, तिच्या रचनेमुळें तारेंतून वरच्या स्वरांची रांगच्या रांग उठते. त्या वरच्या स्वरांवरून आपला मेंदु खालचा षड्ज आपणच भरून काढतो. बायांच्या आणि पखवाजाच्या बाबतींत अशी सवलत मिळत नाहीं. ज्यांच्या घरीं पखवाज किंवा सिनेमांतील धडाका ऐकला जातो, त्यांनीं मोठें खोकेंच घ्यावें. ज्यांच्या घरीं ख्याल आणि भावगीत, त्यांना लहानांत कांहीं उणें भासणार नाहीं. खालच्या मजल्यावरचे शेजारीहि दुवा देतील, कारण स्लॅबमधून पलीकडे जातो तो मुख्यतः खर्जच.

केसरबाई केरकरांच्या किंवा अब्दुल करीमखांसाहेबांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर स्पीकरांची परीक्षा करूं नये. त्यांत अगदीं वरचे आणि अगदीं खालचे स्वर मुळांतच उतरलेले नाहींत. पण परीक्षा संपल्यावर त्या लावून मात्र जरूर पाहाव्यात. ज्या स्पीकरांत वरचे स्वर मुद्दाम उजळलेले असतात, त्यांच्यावर तबकडीची खरखरच पुढें येते आणि बाई मागें राहतात. आणखी एक सूचना माझ्या वयाच्या श्रोत्यांना. साठी उलटल्यावर दहा-बारा हजार हर्ट्झच्या पलीकडचें फारसें ऐकूं येत नाहीं. मी स्पीकर ऐकावयास जातांना नातीला बरोबर नेतों. मला जो ट्वीटर गोड वाटतो तो तिला कित्येकदां टोंचतो, आणि तो घरांत तिलाहि ऐकावयाचा असतो.

घरीं आणल्यावर जागेचा प्रश्न. भिंतीला लागून ठेवल्यास खर्ज वाढतो, कोपऱ्यांत त्याहून वाढतो. बीबीसीच्या बंद खोक्याला भिंतीचा थोडा आधार मानवतो. केफच्या पाठीला भोंक आहे, त्याला भिंतीपासून निदान हातभर अंतर हवें. एलॅकचें भोंक पुढच्या बाजूस आहे, म्हणून तो तितका हट्ट करीत नाहीं. फळीवरच ठेवणें भाग असेल तर खोक्याचें तोंड फळीच्या कडेबरोबर आणावें आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेंत पुस्तकें दाटीनें भरावींत. कांचेच्या शोकेसमध्यें मात्र ठेवूं नये. कपबशा साथ करूं लागतात. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, आणि दोन खोक्यांत जेवढें अंतर साधारण तेवढेंच त्यांच्यापासून आपलें, हें प्रमाण धरावें.

माझ्यापुरतें विचाराल तर खोली दहा बाय बाराची, ऐकणें मुख्यतः गाणें आणि आकाशवाणी. तेव्हां मी बंद खोक्याच्या बाजूचा आहें. पण त्या जातीच्या नव्या जोडीची किंमत एलॅकच्या कितीतरी पट आहे, आणि तेवढा पैसा घालण्याआधीं शंभरदां विचार करा असेंच मी कोणालाहि सांगेन. एलॅक घेऊन उरलेल्या पैशांत बरा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन जड स्टँड घेतले, तर पुष्कळ घरांचें काम उत्तम होईल.

तारा जोडतांना तांबडें टोक तांबड्यास आणि काळें काळ्यास, हें दोन्ही बाजूंस तपासावें. मग रेडिओवर बातम्या लावून दोन्ही स्पीकरांच्या मध्यासमोर बसावें. निवेदकाचा आवाज दोन खोक्यांच्या बरोबर मध्यें, हवेंत उभा राहिला पाहिजे. तो पोकळ वाटला, खोलीभर पसरला, तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा उलटवाव्यात. दोन्हींच्या उलटवल्या तर होतें तसेंच राहील.