‘निगेटिव्ह’वर किती विसंबायचं?

सहकारी मित्रहो, आणि मागच्या रांगांत बसलेल्या तंत्रज्ञ व परिचारिकांनो, खरं तर तुम्ही पुढे बसायला हवं होतं. आजचं बोलणं जास्त तुमच्याशीच आहे.

डायलिसिस युनिटमध्ये नवा रुग्ण आला की एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि एचबीएसएजी असे तीन रिपोर्ट फाइलला लागतात. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘डॉक्टर, पांढरी कावीळ नाही ना?’ एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर आपण ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. हे ‘नाही’ आपण समजतो तेवढं पक्कं नाही.

ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळवून देणाऱ्या संशोधनातून हाती आलेली एचबीएसएजी ही खूण पांढऱ्या काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या आवरणाची आहे. विषाणूचा डीएनए मात्र यकृताच्या पेशींत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसू शकतो. अशा वेळी रक्तात एचबीएसएजी सापडत नाही. डीएनए सापडलाच तर बहुधा मिलिलिटरला २०० आंतरराष्ट्रीय एककांहून कमी, आणि तोही आज दिसेल, पुढच्या महिन्यात दिसणार नाही. या छुप्या संसर्गाची व्याख्या तज्ज्ञांनी २००८ साली इटलीत ताओर्मिनाला ठरवली. डायलिसिसच्या रुग्णात तो आणखी चकवतो, कारण या रुग्णांचं एसजीपीटी मुळातच कमी असतं. ‘नॉर्मल’ आकड्यावर आपण निर्धास्त होतो.

एडिंबराच्या युनिटमध्ये १९६९-७० साली कावीळ पसरली तेव्हा रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. छुप्या संसर्गात विषाणू फार थोडा असतो, त्यामुळे तशी साथ उठेल असं मी म्हणत नाही. पण पाळी बदलतानाची आपली घाई आठवा. दुसऱ्या पाळीचा रुग्ण दारात पिशवी घेऊन उभा, खुर्ची अर्धवट पुसलेली, ट्रॉलीवर हेपरिनची एकच बाटली आणि त्याच हातमोज्यांनी मशीनचं बटण. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवस तग धरतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णाचा डायलायझर आपण पुन्हा वापरत नाही, छुप्या संसर्गाच्या रुग्णाचा मात्र सर्वांबरोबर धुतला जातो.

म्हणून दरमहा सगळ्यांचा डीएनए तपासा, असं मी सांगणार नाही. तो खर्च आपल्या रुग्णांना झेपणार नाही. प्रवेशाच्या वेळी अँटी-एचबीसी टोटल एकदा करा. ती एकटीच पॉझिटिव्ह आली तर डीएनए पाहा. प्रत्यारोपणाआधी आणि रिटुक्सिमॅब देण्याआधी तर पाहाच, कारण प्रतिकारशक्ती दाबली की हाच निजलेला विषाणू उठतो. आणि केवळ अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आहे म्हणून कुणाला वेगळ्या मशीनवर ढकलू नका. गावाकडे पांढऱ्या काविळीच्या नावानं माणसाचं ताटसुद्धा वेगळं होतं, त्यात आपण भर घालायला नको.

लसीबाबत आपण उशीर करतो. डायलिसिस सुरू झाल्यावर दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅमचे डोस देऊनही अनेकांत पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. क्रिएटिनिन चढू लागताच, फिस्टुला होण्याच्याही आधी लस द्या. नंतर दरवर्षी अँटी-एचबीएस मोजा, १० च्या खाली गेलं की बूस्टर द्या.

परत गेल्यावर प्रवेशाच्या फॉर्मवर अँटी-एचबीसीची एक ओळ वाढवा आणि हेपरिनची बाटली ट्रॉलीवरून उचलून औषधांच्या स्वच्छ टेबलावर न्या. या दोन्ही गोष्टींसाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहू नका.